पहिल्या तिकिटाची बाई

जुन्या मोंढ्यामागच्या गल्लीत चंद्रप्रभा टॉकीज होती, आणि तिच्या दारातल्या काळ्या फळ्यावर मॅनेजर मुकुंदराव जोशी दर बुधवारी पुढचा कार्यक्रम खडूनं लिहीत. वर 'येत्या शुक्रवारी' म्हणून पिक्चरचं नाव, खाली 'रविवारी सकाळी' म्हणून जे काही असेल ते. घरोघर केबल आल्यापासून पिक्चरपेक्षा हे खालचंच जोरात चालायचं. कधी महिला मंडळाचा मेळावा, कधी शाळेचं गॅदरिंग, कधी मुशायरा, कधी कुणाची शोकसभा. एका रविवारी तर आधी शोकसभा आणि लगेच वधू-वर मेळावा होता, आणि नाश्ता आहे असं कळल्यावर शोकसभेची निम्मी माणसं मेळाव्यालाही बसून राहिली.

मुकुंदराव लिहायचे आणि पायरीवर बसलेल्या आवडाबाईला वाचून दाखवायचे. तिला अक्षर येत नव्हतं. पण तिला ऐकवल्याशिवाय फळा पक्का झाला असं टॉकीजमध्ये कुणी मानत नसे. कारण पिक्चर कोणताही असो, शुक्रवारी खिडकी उघडली की पहिलं तिकीट आवडाबाईनं घ्यायचं. मग बाकीच्या दुनियेनं रांग लावायची.

"देवीचा पिक्चर आहे," त्या बुधवारी मुकुंदराव म्हणाले. "काकासाहेब स्वतः मुंबईला आठ दिवस ठाण मांडून बसले, तेव्हा मिळाला. आणि रविवारी सकाळी बचत गटाच्या बायकांचा मेळावा. दीप तुमच्याच हातून लावायचा म्हणतात."

"बरं," आवडाबाई म्हणाली आणि गुडघे चोळत बसली. एके काळी नव्या पिक्चरचं नाव ऐकलं की तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. आता तसं काही होत नव्हतं. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. येणाऱ्या पिक्चरला काही अंत नव्हता. बाई थकली होती. पण थकले असं म्हणायची सोय नव्हती, कारण टॉकीज तिच्या हातावर चालते असं सगळे म्हणत होते आणि, लपवायचं कशाला, तिलाही ते पटलेलं होतं.

हे कसं सुरू झालं ते सांगितलं पाहिजे. टॉकीज काढली आप्पासाहेबांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या, काकासाहेबांच्या वडिलांनी. फुलंब्रीकडची मोठी जमीन असलेला माणूस. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आता आपणही काही नवं करून दाखवावं म्हणून त्यांनी शहरात येऊन टॉकीज बांधली. शेतकऱ्यानं शेती करावी, हे नाचगाण्याचे धंदे कशाला, असं भाऊबंद म्हणत होते, आणि पहिलं वर्षभर भाऊबंदांचंच खरं होत गेलं. पिक्चर लागायचा आणि उतरायचा. शेवटी आप्पासाहेबांनी खुर्च्या काढून तिथं कापसाच्या गाठी रचायचं मनावर घेतलं.

अशा एका शुक्रवारी आवडाबाई नवऱ्याची भाकरी घेऊन आली. नवरा कडूबा तिथं डोअरकीपर होता, आणि ती नुकतीच नांदायला आलेली पोर होती. तिकिटाची खिडकी उघडली होती आणि समोर काळं कुत्रं नव्हतं. आप्पासाहेब वैतागून, पण चेष्टेनं म्हणाले, "कडूबाच्या बायको, तूच घे बाई पहिलं तिकीट. बघू तुझ्या हाताचा तरी गुण येतो का." तिनं पदराची गाठ सोडून नाणी दिली, तिकीट घेतलं आणि जनान्यात जाऊन बसली. तेव्हा बायकांच्या वर्गाला पडदा असायचा आणि अंधार झाल्यावर तो सरकवायचे. पहिलं गाणं होईपर्यंत ती बसली, मग नवऱ्याची भाकरी गार होईल म्हणून उठून बाहेर आली. तो पिक्चर पंचवीस आठवडे चालला.

झालं, एवढं पुरलं. जे जसं घडलं ते तसंच्या तसं नियम होऊन बसलं. नाणी तिच्याच पदराची, हात उजवा, खुर्ची तीच कोपऱ्यातली, आणि पहिलं गाणं संपलं की उठायचं. एकदा लोभापायी ती मध्यंतरापर्यंत बसली आणि नेमका तो पिक्चर तीन दिवसांत उतरला. तेव्हापासून तोही लोभ सुटला. आवडाबाईनं शेकडो पिक्चरांची सुरुवात पाहिली होती. हिरो-हिरॉइनची भांडणं तिला ठाऊक, पण पुढं त्यांचं जुळलं की नाही हे तिला भाजीवालीला विचारावं लागे.

पिक्चर चालला की श्रेय तिच्या हाताला. पडला तरी श्रेय तिच्याच हाताला, कारण "बाईंचा हात लागला म्हणून तीन दिवस तरी निघाले, नाहीतर पहिल्याच खेळाला खिडकी बंद करावी लागली असती," असा काकासाहेबांचा हिशेब. अशा हिशेबात माणूस चुकतो कुठं?

आणि तरी हे सगळं हसण्यावारी न्यावं असंही नाही. कडूबा गेला तेव्हा आवडाबाईला वाटलं, संपलं. विधवेच्या हातानं कोण मुहूर्त करतं? तेरावं झाल्यावर आप्पासाहेब स्वतः तिच्या दारात आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "आवडाबाई, शुक्रवारी यायचं. तुमच्या कपाळाशी आम्हाला काही करायचं नाय. आम्हाला तुमचा हात पायजे." टॉकीजच्या मागची एक खोलीही त्यांनी तिला राहायला दिली. गल्लीतल्या हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं होतं, लग्नात नवरीपासून चार हात लांब उभं राहावं लागत होतं. पण शुक्रवारी खिडकीपुढं भरल्या हिरव्या चुड्याच्या सवाष्णी बाजूला सरून तिला वाट देत. सगळीकडून मागं सारलेल्या बाईला एकाच ठिकाणी पहिला मान मिळत असेल, तर ते ठिकाण तिच्यानं सुटणार कसं?

नाही सुटलं. आणि त्याची झळ बसली ती मनकर्णाला.

मनकर्णाबाई ही तिची धाकटी बहीण, वैजापूरला दिलेली. दोघी लहानाच्या मोठ्या झाल्या चिकलठाण्यात, तिथं ना कारखाने होते ना विमानं, नुसता माळ होता तेव्हा. एकाच गोधडीत निजायच्या. पुढं मनकर्णाही विधवा झाली, आणि तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं: आवडे, आता माझ्याकडं राहायला ये, दोघी मिळून म्हाताऱ्या होऊ. आवडाबाई म्हणायची, येते, एवढा शुक्रवार होऊ दे. मनकर्णाच्या पोराचं, पुंजारामचं, लग्न शुक्रवारी निघालं. आवडाबाई पोचली तेव्हा मांडवात पत्रावळी उचलत होते. त्याआधी मनकर्णाच्या नवऱ्याचा दहावा शुक्रवारी आला होता आणि त्या दिवशी इथं कुठलासा मारामारीचा पिक्चर लागायचा होता. आवडाबाई शनिवारी गेली. सोयऱ्यांनी नाकं मुरडली. तोंडावर बोलले, "सख्खी बहीण ना ही?" तर मनकर्णाच त्यांच्या अंगावर धावून गेली. "तिच्या हातावर चाळीस माणसं भाकर खात्यात! तिनं कसं यावं सोडून?" टॉकीजमध्ये माणसं होती पंधरा-वीस. पण मनकर्णा बहिणीच्या बाबतीत नेहमी दुप्पट बोलायची.

त्याच बुधवारी दुपारी टॉकीजच्या ऑफिसात पुंजारामचा फोन आला. मुकुंदरावांनी आवडाबाईला हाक मारून रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"मावशे, आईनं अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणत्यात आता घरीच ऱ्हाऊ द्या. बोलत नाय फारसं, पण रस्त्यानं यष्टी गेली का दाराकडं बघती."

"शनिवारी येते रं," आवडाबाई म्हणाली. विचार करून म्हणाली असं नाही. वर्षानुवर्षांची सवय, ते आपोआप तोंडातून आलं.

पलीकडून पुंजाराम म्हणाला, "बरं." तो रागावला नाही, आग्रहही केला नाही. शनिवारच म्हणणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, एवढंच त्या 'बरं'मध्ये होतं. रिसीव्हर खाली ठेवल्यावर आवडाबाई तिथल्याच स्टुलावर बसली. चहा आला तो तसाच निवला. पोरानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

संध्याकाळी ती काकासाहेबांपुढं जाऊन उभी राहिली. "मी उद्या वैजापूरला चालले."

काकासाहेब पोस्टरांच्या गुंडाळ्या मोजत होते. "जा की. शनिवारी जा, माझी जीप देतो. थेट दारात सोडंल."

"उद्या म्हणते मी. शुक्कीरवारी माझं येणं व्हायचं नाय."

काकासाहेबांच्या हातातली गुंडाळी खाली पडली. माणूस वाईट नव्हता, पण भ्यालेला माणूस वाइटाच्या फार लांब नसतो. "आवडाबाई, हा शेवटचा डाव हाय. हा चालला नाय तर टॉकीज इकावी लागंल. इतकी वर्षं आलात, अन् नेमकं आज? दोन दिसांनी काय बिघडतंय?"

"दोन दिसांनी ती नसली तर?"

काकासाहेबांनी डोकं खाजवलं आणि एकदम त्यांना सुचलं. "मग असं करा. तुमच्या वहाणा ठेवून जा खिडकीपाशी. रामाच्या पादुकांवर अयोध्या चालली, आपली टॉकीज नाय चालायची का?"

"अन् मी काय वैजापूरला अनवाणी जाऊ?"

शेजारी उभ्या मुकुंदरावांना हसू आवरेना. काकासाहेबांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मग आवडाबाईच म्हणाली, "काकासाहेब, थकले वो मी. हात बी थकला. मागचे किती पिक्चर पडले तुमीच बघा. ह्या हातात काय ऱ्हायलं नाय आता."

"जा मग," काकासाहेब तोंड फिरवून म्हणाले. "पण पडला तर पंधरा घरांच्या चुली इझतील, एवढं ध्यानात ठेवा."

एवढं ओझं घेऊन ती गुरुवारी एसटीत बसली. दोनदा वाटलं, उतरावं आणि मागं फिरावं. लासूर गेल्यावर मात्र डोळा लागला, कारण थकवाच इतका होता की काळजी करायलाही त्राण उरलं नव्हतं.

पुंजारामचा कांद्याचा धंदा. ओसरीभर कांद्याचा वास होता. आतल्या खोलीत खाटेवर मनकर्णा पडली होती, ती उशीएवढीच दिसत होती. आवडाबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला तशी तिनं डोळे उघडले. आनंद झाला, पण पाठोपाठ तिच्या डोळ्यांत भीती आली.

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मंग उद्या?"

"उद्या हितंच. परवा बी हितंच."

"येडी का खुळी तू? अन् टॉकीज?" मनकर्णा उठून बसायला लागली. "पुंज्या, हिला यष्टीत बसवून दे. आत्ता."

तिला धरून निजवावं लागलं. मरायला टेकलेली बाई, पण बहिणीचा शुक्रवार चुकतोय याचा घोर तिलाच जास्त. आवडाबाईनं सुनेकडून पेजेची वाटी घेतली आणि चमच्याचमच्यानं भरवायला बसली.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता तिचा उजवा हात आपोआप पदराच्या गाठीकडं गेला. खिडकी आता उघडली असेल. समोर कोण असेल? कुणीच नसेल. मुकुंदराव रिकाम्या गल्लीकडं बघत बसले असतील. तिनं हात मागं घेतला आणि बहिणीचे पाय दाबू लागली. मनकर्णाही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. रात्री दोघींनाही जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी ओसरीवरचा फोन वाजला. पुंजारामनं तो उचलला, "हां, हायेत की," म्हणून मावशीच्या हातात दिला आणि तिथंच वजनकाट्यापाशी पोतं शिवत बसला.

"आवडाबाई!" मुकुंदराव इतक्या मोठ्यानं ओरडत होते की रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. "हाउसफुल्ल! कालचे चारही खेळ हाउसफुल्ल! बायका ट्रॅक्टर भरभरून आल्यात, ओट्या भरतायत पडद्यापुढं! पोलीस बोलवावे लागले! उद्याचा बचत गटाचा मेळावा रद्द केला, सकाळीसुद्धा खेळ लावलाय!"

आवडाबाईच्या तोंडून आधी "देवी पावली" निघालं, आणि ते अगदी मनापासून होतं. पंधरा घरांच्या चुली वाचल्या. मग तिनं विचारलं, "पहिलं तिकीट कुनी घेतलं?"

"पहिलं?" मुकुंदराव थांबले. "अहो, ते राहिलंच की. खिडकी उघडायच्या आधीच रांग पार मोंढ्यापर्यंत. पुढं कोण होतं ते कुणी बघितलंच नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "काकासाहेब म्हणतात, बाईंना म्हणावं निवांत राहा तिकडं. आणि ते तुमच्या खोलीत स्टॉलचं सामान ठेवलंय, गर्दीच अशी आहे ना. तुमची पेटी मी नीट झाकून बाजूला ठेवलीय, त्याची काळजी नको."

"बरं," आवडाबाई म्हणाली.

रिसीव्हर ठेवून ती कांद्याच्या पोत्यावरच टेकली. खोलीचं तिला वाईट वाटलं, पण ते थोडंच. तिला आठवला तो मारामारीचा पिक्चर. नावसुद्धा लक्षात नव्हतं. त्याच्यासाठी तिनं बहिणीला दहाव्याला एकटं सोडलं होतं, आणि त्या दिवशी खिडकीवर कुणीही उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. कुणीच नसतं तरी चाललं असतं. रागवावं तर कुणावर? आप्पासाहेब केव्हाच गेले होते, आणि त्यांनी मान दिला तो खोट्या मनानं दिला नव्हता. काकासाहेब बिचारा बापाचं चालवत होता. राहता राहिली ती स्वतः. तिला तो मान हवा होता, म्हणून तिनं सगळं खरं मानलं, आणि तिच्या मानापायी मनकर्णा सोयऱ्यांशी भांडत राहिली. हे तिला लख्ख कळलं. पुंजाराम दाभण थांबवून तिच्याकडं बघत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती उठून आत गेली.

"कुनाचा फोन?" मनकर्णानं विचारलं. रात्रभर तिला झोप नव्हती.

"टॉकीजचा."

"काय झालं गं?" मनकर्णानं तिचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, तरी धरलं. "सांग की. काय झालं पिक्चरचं?"

खरं सांगायला आवडाबाईनं तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात तिचं बहिणीच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. हाउसफुल्ल म्हटलं की ही मागं मागं जाणार: पोराचं लग्न, नवऱ्याचा दहावा, एकेक शुक्रवार. आणि ते सगळं फुकटच गेलं, जाताना बरोबर तेवढंच घेऊन जाणार.

"पडला," आवडाबाई म्हणाली.

"पडला?"

"चिटपाखरू आलं नाय. दुसरा खेळ बंदच ठिवला."

मनकर्णाचे डोळे भरून आले. "माझ्यापायी गं. माझ्यापायी लोकांच्या पोटावर पाय आला." असं ती म्हणत होती खरी, पण चेहरा वेगळंच सांगत होता. एवढ्या वर्षांत आवडी पहिल्यांदाच टॉकीज सोडून तिच्याकडं आली होती, आणि सोडल्यामुळं टॉकीज बुडाली होती. म्हणजे एवढं मोठं काही तरी बाजूला सारून ती आली होती. मनकर्णाची मान ताठ झाली. आजारपणात पहिल्यांदाच तिच्या गालाला थोडा रंग आला.

"पुढच्या शुक्कीरवारी तरी जा बाई. आजून सावरंल."

"नाय जात."

"अन् टॉकीज?"

"पडू दे," आवडाबाई म्हणाली. "तुझ्याम्होरं काय टॉकीज घिऊन बसलीस."

मनकर्णा हसली. दात नव्हते, तोंडभर हसली. मग तिनं होता तेवढा आवाज काढून ओसरीकडं हाक मारली, "पुंज्या! ऐकलंस का रं? मावशी नाय गेली तं पिक्चर पडला! मी सांगत नव्हते समद्यांला?"

पुंजाराम दारात येऊन उभा राहिला. मुकुंदरावांचा ओरडा त्यानं शब्दन् शब्द ऐकला होता. त्यानं आईकडं पाहिलं, मग मावशीकडं पाहिलं. आवडाबाईनं मान खाली घातली.

"व्हय आई," तो म्हणाला. "पार आपटला म्हणत्यात."